एआरपी : स्थानिक नेटवर्कवरील पत्त्यांची जुळणी

एआरपी म्हणजे अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल. घरातल्या किंवा कचेरीतल्या नेटवर्कवर एखाद्या यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवर त्याला मिळालेला क्रमांक) ठाऊक असेल, तर त्यावरून मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) शोधण्याची ही पद्धत. डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली.

आयपी पत्ता यंत्राला बहुधा राउटर देतो, आणि तो पत्ता बदलू शकतो. मॅक पत्ता ४८ बिटांचा. तो नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळतो आणि त्याच्या सुरुवातीच्या भागावरून उत्पादक ओळखता येतो. तारेच्या इथरनेटवर किंवा वायफायवर माहिती पोचते ती मॅक पत्त्यावरच.

समजा, १९२.१६८.१.५ या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.२० या प्रिंटरकडे कागद पाठवायचा आहे. लॅपटॉप आधी सगळ्या नेटवर्कवर दवंडी पिटतो : ‘१९२.१६८.१.२० कोणाचा? १९२.१६८.१.५ ला कळवा.’ हा निरोप जेमतेम २८ बाइटांचा असतो. ऐकतात सगळे, उत्तर देतो फक्त प्रिंटर, तेही थेट लॅपटॉपला. मिळालेली जोडी लॅपटॉप आपल्या तक्त्यात काही काळ जपून ठेवतो. दवंडी राउटरपलीकडे जात नाही. बाहेरच्या पत्त्यासाठी राउटरचाच मॅक पत्ता विचारला जातो.

विंडोजमध्ये ‘एआरपी’ ही आज्ञा ‘-ए’ पर्यायासह (arp -a) दिली की हा तक्ता दिसतो. ती नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची यादी आहे असे अनेकजण धरून चालतात, ते चूक आहे. त्यात आपल्या संगणकाचा अलीकडे ज्यांच्याशी संबंध आला तेवढीच यंत्रे असतात. पूर्ण यादी हवी असेल तर एकेका पत्त्याला विचारत जावे लागते. फायरवॉलमुळे (नको ते निरोप अडवणाऱ्या यंत्रणेमुळे) पिंगला, म्हणजे ‘चालू आहेस का?’ या निरोपाला, गप्प राहणारे यंत्रही एआरपीला सहसा उत्तर देते, म्हणून या कामी ही पद्धत फार भरवशाची.

मात्र उत्तर देणारा खरा की तोतया, हे एआरपी तपासत नाही. ‘राउटर मीच’ असे खोटे उत्तर देऊन दुसऱ्याची माहिती आपल्याकडे वळवता येते. आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या आवृत्तीत, एआरपी नाही. तिथे शेजारी शोधण्याची वेगळी पद्धत आहे.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायसाठी मूळ मॅक पत्त्याऐवजी यादृच्छिक पत्ता वापरू लागले. त्यामुळे राउटरच्या यादीतले अनोळखी यंत्र घरातलाच फोन असू शकतो. मॅक पत्ता अंक आणि इंग्रजी अक्षरांत लिहितात; त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बहुधा कारखान्यातला नव्हे.