युरोपीय संघाचे आर्क्टिक धोरण

उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशाविषयी युरोपीय संघाने २००८ पासून वेळोवेळी जाहीर केलेले परराष्ट्र, पर्यावरण व मत्स्यव्यवसायविषयक धोरण. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड हे संघाचे तीन देश आर्क्टिक परिषदेच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या देशांच्या सहकार्य मंचाच्या, आठ सदस्यांत आहेत. तरीही आर्क्टिक महासागराचा किनारा संघाच्या वाट्याला आलेला नाही. तो ग्रीनलंडकडे आहे, आणि ग्रीनलंड डॅनिश राज्यात राहूनही १९८२ च्या सार्वमतानुसार १९८५ मध्ये युरोपीय समुदायातून बाहेर पडले. भांडण मुख्यतः मासेमारीच्या हक्कांचे होते.

परिषदेत संघाला निरीक्षकाचीही अधिकृत जागा नाही. त्यासाठी अर्ज केलेला असतानाच २००९ मध्ये त्याने सीलच्या कातड्या-चरबीच्या विक्रीवर बंदी घातली आणि परिषदेचा सदस्य असलेला कॅनडा बिथरला. इन्युइटांनी (आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांनी) पारंपरिक पद्धतीने केलेल्या शिकारीला कायद्यात सूट होती. पण बाजारच बसल्यावर सुटीतले कातडे घेणार कोण? २०१३ च्या किरुना बैठकीत भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर व इटली निरीक्षक झाले. संघाच्या अर्जाला अनुकूलता दाखवून अंतिम निर्णय मात्र पुढे ढकलण्यात आला. नंतर कॅनडाची समजूत पटली, तोवर युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावरून परिषदेचाच सदस्य असलेल्या रशियाशी बिनसले होते. आणि परिषदेत निर्णय एकमतानेच होतात. संघाचे प्रतिनिधी बैठकांना बसतात, एवढेच.

नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहाचा खेकडा हे आणखी एक दुखणे. जानेवारी २०१७ मध्ये संघाचा परवाना घेऊन स्नो क्रॅब पकडायला गेलेली ‘सेनेटर’ ही लॅटव्हियन बोट नॉर्वेने धरली. हा खेकडा पोहत नाही, समुद्रतळावर चालतो. म्हणून कायद्याच्या लेखी तो माशांत न मोडता तेलासारखा खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाच्या) संपत्तीत मोडतो. खेकड्यावर हक्क दिला की उद्या तेलावरही द्यावा लागेल, ही खरी मेख. १९२० च्या स्वालबार्ड तहाने सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना दिलेले समान हक्क खंडमंचाला लागू नाहीत, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

संघाचे वजन आहे ते पैशात आणि बाजारपेठेत. २०२१–२७ या काळासाठी ग्रीनलंडला २२.५ कोटी युरो ठेवले आहेत, त्यातला मोठा वाटा शिक्षणासाठी. २०२३ मध्ये खनिजांबाबत सामंजस्य करार झाला, मार्च २०२४ मध्ये ग्रीनलंडची राजधानी नूक येथे संघाचे कार्यालय उघडले. मध्य आर्क्टिक महासागरात १६ वर्षे व्यापारी मासेमारी न करण्याच्या २०१८ च्या करारातही संघ स्वतः पक्षकार आहे.

२०२१ च्या धोरणपत्रात आर्क्टिकचे तेल, कोळसा व वायू जमिनीतच राहू द्यावेत, असे म्हटले आहे. रशियाच्या यमाल द्वीपकल्पावरचा द्रवरूप वायू मात्र युरोपच्या बंदरांत येतच राहिला. मार्च २०२५ पासून तो तेथे उतरवून तिसऱ्या देशांकडे पाठवण्यास मनाई झाली. स्वतःच्या वापरासाठी घेण्याला त्या मनाईत अटकाव नव्हता.