आखाडाची कढई

आषाढ अर्धा सरला की सोलापूरकडे बायका एकमेकींना विचारतात, ‘आखाड तळला का?’ म्हणजे कापण्या झाल्या का, गुळाच्या पुऱ्या झाल्या का, तिखटामिठाच्या झाल्या का. पुढे नवरात्रात घटावर फुलोरा बांधायचा, तर कडाकण्या, म्हणजे कडक तळलेल्या गोड पुऱ्या, लागतात. एरवी पानात भाकरी. मनात आलं म्हणून पुऱ्या तळायच्या, ही चैन अगदी अलीकडची. आधी कढईला तिथी लागायची.

कारण साधं आहे. हा रब्बी ज्वारीचा मुलूख. मालदांडी ही ज्वारीची जात इथलीच, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गव्हाला पाणी लागतं, ते इथे नव्हतं. घरात गहू असे तो सणापुरता, पाहुण्यापुरता. तेलाचंही तेच. ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे असत आणि तिचं तेल घाण्यावरून मोजून येई. त्यात कढईभर तेल एकदम तापवायचं म्हणजे घरच्या बाईला चार वेळा विचार करावा लागे. (शेंगदाण्याचा अभिमान आपण कितीही मिरवू, ते पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. करडई इथे त्याच्या कितीतरी आधीची.)

पुरी मात्र गहू-तेलाच्या या टंचाईपेक्षा जुनी आहे. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला शंभरेक किलोमीटरवर बसवकल्याण लागतं, ते चालुक्यांचं कल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘पूरिका’ भेटते. ती आजच्यासारखी नुसत्या कणकेची नव्हे. हरभऱ्याचं हिंग-मीठ घातलेलं वाटण तिच्यात होतं. नावाच्या मुळाशीही ‘पूर’ म्हणजे भरणंच आहे. राजाच्या ताटात ती नवलाची नव्हती. शेतकऱ्याच्या ताटात यायला तिला पुढची आठशे वर्षं तिथीच शोधावी लागली.

हे बदललं ते तुकड्यातुकड्यांनी. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, उभी राहिली आणि रोख पगाराची घरं वाढली. १९३७ मध्ये डालडा आला. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच बुडाली, तेव्हा रेशनच्या रांगेत लाल मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आणि गहू हातात पडला. मिलोला लोकांनी नाकं मुरडली. गव्हाची चपाती मात्र दुष्काळ सरला तरी स्वयंपाकघरात राहिली. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी कालव्यानं रानात आलं. उसानं त्यातलं बरंचसं पिऊन टाकलं हे खरं, पण गव्हालाही ओल मिळाली. मग रेशनवर पामतेल आलं आणि कढईचा धाक गेला.

तिथीच्या काळातलं तळण टिकाऊ असे, त्यामागेही हाच हिशेब. एकदा तेल तापवलं की आठ-पंधरा दिवसांचं उरकायचं. म्हणून कापणीची कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट मळायची, वर खसखस लावून लाटायची, शंकरपाळीसारखी कापायची आणि मंद आचेवर आतपर्यंत खरपूस होऊ द्यायची. पाणी उडालं की ती पावसाळ्यातही डब्यात तग धरते. तिखटामिठाची पुरी दोन-तीन दिवसांची. पंढरीच्या वाटेवर शिदोरीला तेवढं पुरे.

फुगणाऱ्या पुरीचं गणित उलटं. तेल कडकडीत तापलेलं हवं, म्हणजे वरचा पापुद्रा लगेच धरतो आणि आतली वाफ कोंडून पुरी टम्म होते. कणीक सैल झाली की पुरी तेल पिते. लाटताना पिठी लावायची नाही, तेलाचा हात लावायचा. पिठी कढईच्या तळाशी जाऊन जळते आणि अख्खा घाणा काळपट निघतो.

आता आमच्याकडे कुठल्याही रविवारी पुरी-भाजी होते. कापण्यांना मात्र अजून आखाडच लागतो. श्रावणात कोणी त्या करायला घेतल्या, तर शेजारीण विचारते, ‘अगं, आखाड राहिला होता का?’