ॲफ्लुएंझा

सधन कुटुंबांत वाढणाऱ्या मुलांच्या मानसिक आरोग्यावर संपत्तीचे, आणि तिच्यासोबत येणाऱ्या स्पर्धेचे, एकाकीपणाचे व धाक नसण्याचे जे दुष्परिणाम होतात असे मानले जाते, त्यांना उद्देशून वापरली जाणारी संज्ञा. ‘ॲफ्लुअन्स’ हा संपन्नतावाचक इंग्रजी शब्द व इन्फ्लुएंझा (फ्लूचा ताप) यांचा हा जोडशब्द आहे. ‘श्रीमंतीचा ताप’ असे त्याचे मराठी रूप केल्यास मूळ श्लेष बराचसा टिकतो, कारण मराठीत ताप हा ज्वरही असतो आणि जाचही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत या नावाचा कोणताही विकार नाही. त्यामुळे ही संज्ञा वैद्यकीय नसून वर्णनात्मक समजावी.

शब्दाच्या जन्माविषयी एकमत नाही. काही नोंदी त्याचा वापर १९५४ पर्यंत मागे नेतात. तथापि तो प्रचारात आला १९९७ च्या सुमारास. त्या वर्षी अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर याच नावाचा माहितीपट दाखवण्यात आला आणि जेसी ओनील या समुपदेशिकेचे श्रीमंतीच्या मानसशास्त्रावरील पुस्तकही प्रसिद्ध झाले. ओनील या जनरल मोटर्सचे एकेकाळचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांची नात असल्याने त्यांच्या लेखनाला स्वानुभवाचे वजन होते. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी आशय मात्र वेगळा आहे. माहितीपटाचा रोख समाजाच्या उपभोगलालसेवर आहे, तर ओनील यांचा वारसाहक्काने पैसा मिळालेल्यांच्या मनःस्थितीवर. पुढे ऑस्ट्रेलियात व ब्रिटनमध्ये पहिलाच अर्थ अधिक पसरला. मुलांच्या संदर्भात दुसरा अर्थ घेणेच सयुक्तिक ठरते आणि प्रस्तुत नोंदीत तोच घेतला आहे.

कल्पना शब्दाहून जुनी आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येची मीमांसा करताना आर्थिक मंदीप्रमाणेच अचानक आलेल्या भरभराटीतही आत्महत्या वाढतात असे दाखवले आणि इच्छांना आवर घालणारे सामाजिक दंडक सैल होणे हे त्याचे कारण मानले. बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतील धनिकांच्या मुलांशी झालेल्या दीर्घ संवादांतून, जग आपल्यासाठीच मांडून ठेवले आहे अशी त्यांच्यात मुरलेली हक्काची जाणीव टिपली. परंतु ही निरीक्षणे होती, मोजमाप नव्हते.

मोजमापाचे श्रेय मुख्यतः सुनिया लूथर (मृत्यू २०२३) यांच्याकडे जाते. दिल्ली विद्यापीठात शिकून त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथे येल व कोलंबिया या विद्यापीठांत त्यांनी संशोधन केले. त्यांचा मूळ विषय दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलांचा चिवटपणा हा होता आणि सुस्थितीतील मुले त्यांनी केवळ तुलनेसाठी घेतली होती. कॅरेन डिअव्हान्झो यांच्यासह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र उपनगरातील सधन शाळेतली दहावीची मुले शहराच्या मध्यभागातील गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा सिगारेट, दारू व अमली पदार्थांचे सेवन अधिक करताना आढळली आणि त्यांच्यातील चिंतेचे प्रमाणही जास्त निघाले. (येथे उपनगर म्हणजे अंधेरी-बोरिवली नव्हे, अमेरिकेत हा शब्द बंगले, हिरवळी व नावाजलेल्या शाळा असलेल्या वस्त्यांना लागतो.) सधन मुलग्यांमध्ये व्यसन व मित्रमंडळींतील लोकप्रियता यांचे नाते दिसले, हा त्यातील विशेष चिंताजनक भाग होय. अशा शाळांतील विद्यार्थ्यांचा त्यांच्या विशीतील टप्प्यांवर मागोवा घेणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाधीनतेचे प्रमाण सर्वसाधारण अमेरिकन प्रमाणाच्या सुमारे दोन ते तीन पट आढळले.

लूथर यांनी यामागे दोन प्रमुख कारणे सांगितली: यश मिळवण्याचा अविरत दबाव आणि वडीलधाऱ्यांपासून पडलेले अंतर. दुसऱ्या कारणात क्लासेस व छंदवर्गांनी भरलेल्या दिनक्रमामुळे घरी कोणी नसणे येते, तसेच घरी असूनही जवळीक नसणे येते. श्रीमंत पालक मुलांपासून अधिक दुरावलेले असतात हा सार्वत्रिक समज मात्र त्यांच्या आकडेवारीने फारसा उचलून धरला नाही. पालकांशी जवळीक किती वाटते, या प्रश्नाला दोन्ही आर्थिक टोकांवरील मुलांची उत्तरे बरीच सारखी आली.

या निष्कर्षांवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. नमुने मोजक्या शाळांतले असून माहिती मुलांनी स्वतःच भरलेली आहे, आणि एकेका कुटुंबाच्या उत्पन्नापेक्षा वस्तीची व शाळेची सुबत्ता गृहीत धरलेली आहे. लूथर यांनी स्वतःही पुढे श्रीमंतीऐवजी उच्च यशाचा आग्रह धरणाऱ्या शाळा हा घटक मुख्य मानला. आज हीच मांडणी अधिक ग्राह्य वाटते. शिवाय एकूण लोकसंख्येचा विचार करता गरीब घरांतील मुलांना मानसिक विकार होण्याची शक्यता सुस्थितीतील मुलांच्या दोन ते तीन पट असते, हे अनेक देशांतील अभ्यासांच्या आढाव्यातून पुढे आले आहे. पैसा मुळातच घातक असता तर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चेरोकी या मूळनिवासी जमातीचा अनुभव वेगळा आला असता. तेथे १९९६ नंतर कॅसिनोच्या नफ्याचा वाटा जमातीच्या प्रत्येक सदस्याला मिळू लागला आणि जी कुटुंबे त्यामुळे दारिद्र्यातून वर आली त्यांच्या मुलांमधील वर्तनविषयक तक्रारी घटल्या. चिंता व नैराश्य यांत मात्र फरक पडला नाही, असे जेन कोस्टेलो व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नोंदवले.

संज्ञेची सर्वाधिक बदनामी न्यायालयात झाली. टेक्सासमध्ये २०१३ साली दारू पिऊन गाडी चालवत चौघांचा जीव घेणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या बचावासाठी एका मानसशास्त्रज्ञाने हा शब्द साक्षीत वापरला. मुलाला तुरुंगवासाऐवजी दहा वर्षांची परिवीक्षा (देखरेखीखाली सशर्त मोकळीक) मिळाल्यावर मोठा गदारोळ झाला आणि आपण तो शब्द वापरायला नको होता, असे खुद्द साक्षीदाराने नंतर म्हटले. पुण्यात मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघांचा मृत्यू झाला व तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, तेव्हाही लोकांचा संताप असाच उसळला. तेथील चर्चा मात्र मुलाच्या मनापेक्षा घरच्यांच्या वजनाभोवतीच अधिक फिरली.

पालकांच्या प्रसिद्धीचा विचार संपत्तीपासून वेगळा करावा लागतो, कारण तिच्यातील ताण मुख्यतः खाजगीपण हिरावले जाण्याचा असतो. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे १९३२ मध्ये अपहरण व हत्या झाली आणि दुसऱ्या मुलामागेही छायाचित्रकार लागल्याने ते कुटुंब १९३५ च्या अखेरीस देश सोडून इंग्लंडला गेले. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आईवडिलांच्या व्यवसायामुळे मुलाला त्रास देणाऱ्यांची शिक्षा वाढवली. त्यासाठी हॅली बेरी व जेनिफर गार्नर या अभिनेत्रींनी आई या नात्याने विधिमंडळापुढे साक्ष दिली होती. भारतात २०१७ च्या बालकामगारविषयक नियमांनी बालकलाकारांना दिवसाला कमाल पाच तास काम, त्यांची संमती आणि उत्पन्नाच्या किमान २० टक्के रकमेची त्यांच्या नावे मुदत ठेव अशा अटी घातल्या. मुंबईच्या चित्रपट व मालिकासृष्टीला त्या बंधनकारक आहेत. मात्र त्या स्वतः काम करणाऱ्या मुलांपुरत्या असून, नामवंत आईवडिलांचे बोट धरून विमानतळाबाहेर पडताना ज्यांच्यावर कॅमेरे रोखले जातात, त्या मुलांना त्या लागू होत नाहीत.