नळी, काडतूस आणि खानदेशचं ऊन: लांबच्या निशाण्यासाठी रायफल निवडताना

रायफल घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीची घेऊ?" खरं तर हा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर यायला हवा. लांबच्या लक्ष्यावर गोळी पुन्हा पुन्हा एकाच जागी पडते ती नळी आणि काडतूस यांची जोडी जमली म्हणून. दस्ता, चाप, साइट ही सगळी मंडळी त्या जोडीच्या कामात खोडा येऊ नये एवढ्यासाठीच असतात. आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडे सराव करायचा असेल, तर या निवडीत उन्हाचाही वाटा धरावा लागतो.

बोल्ट-अॅक्शनच का, हे थोडक्यात. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट, म्हणजे हाताने सरकवायची दांडी, फिरवून बंद केला की त्याचे लग (कडेचे उंचवटे) खाचेत घट्ट बसतात आणि काडतूस दर वेळी त्याच खोलीवर टेकतं. चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत फक्त फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) पुढे जाते, बाकी काही हलत नाही. पुढचं काडतूस भरण्याचं काम हात करतो, गोळीची ताकद त्यात खर्च होत नाही. अचूकतेला हवा असलेला सारखेपणा इतक्या साध्या रचनेत मिळतो.

आता अंतर. आपल्याकडे बहुतेकांची वाट ५० मीटर आणि पॉइंट २२ लाँग रायफल या काडतुसावरूनच जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये, याच काडतुसावर. त्या स्पर्धेच्या लक्ष्यावर १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे जेमतेम एका करंगळीएवढा. ३०० मीटरच्या स्पर्धेत तेच वर्तुळ १०० मिलिमीटरचं होतं आणि काडतूस मोठं लागतं. पण अचूकतेचं शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. ते पॉइंट २२ वर स्वस्तात आणि नीट शिकता येतं, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

नळीची पहिली चौकशी पिळाची, म्हणजे तिच्या आतल्या वळत जाणाऱ्या खाचांची, करायची. गोळी स्वतःभोवती फिरली तरच नाक पुढे ठेवून जाते, आणि किती फिरवायची हे तिच्या लांबीवर ठरतं. इंग्रज गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेलं सूत्र आजही अंदाजाला पुरतं: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. सगळी मापं इंचांत घ्यायची. पॉइंट २२ ची गोळी साधारण ०.४६ इंच लांब आणि ०.२२३ इंच व्यासाची. उत्तर १६ येतं, म्हणजे १६ इंचांत एक फेरा, आणि या काडतुसाच्या नळ्या तशाच बनतात. पॉइंट ३०८ या मोठ्या काडतुसाची १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्पर्धेची गोळी सुमारे १.२४ इंच लांब, म्हणून तिला साडेअकरा इंचांचा पीळ. ६.५ क्रीडमूर या काडतुसाची १४० ग्रेनची बारीक, लांब गोळी साडेसात-आठ इंचांचा मागते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट. सैल पिळाच्या नळीत लांब गोळी घातली तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक दिसतं. तसं भोक दिसलं की साइटला हात लावू नका, दोष जोडीतच आहे.

नळीची लांबी वाढवली की वेग वाढतो, हा समज पॉइंट २२ ला लागू नाही. तिची थोडीशी बारूद ४०-४५ सेंटीमीटरमध्येच जळून संपते आणि त्यापुढे घर्षण गोळीला उलट थोडी मंदावतं. स्पर्धेच्या रायफलीची नळी लांब असते ती दोन साइटमधलं अंतर वाढावं आणि पुढचं वजन स्थिर राहावं म्हणून.

वेगाच्या सारखेपणाचं महत्त्व आकड्यांत पाहिलेलं बरं. पॉइंट २२ ची गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे साडेबारा सेंटीमीटर खाली येते. एक काडतूस दुसऱ्यापेक्षा सेकंदाला ३ मीटरने मंद निघालं तर ५० मीटरवर फरक सव्वादोन मिलिमीटरचा. १०० मीटरवर तोच जवळजवळ एक सेंटीमीटर होतो. अंतर दुप्पट केलं की चूक चौपट होते. म्हणून लांब जाणाऱ्याने महागड्या दस्त्याआधी चांगल्या काडतुसांचे पैसे बाजूला काढावेत.

स्पर्धेची पॉइंट २२ काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. आवाजाचा वेग हिवाळ्यात १० अंशांना ३३७ मीटर, मे महिन्यात ४५ अंशांना ३५८ मीटर प्रतिसेकंद. "हाय व्हेलॉसिटी" लिहिलेली गोळी आवाजाच्या वर निघते आणि वाटेत त्या वेगाखाली उतरते. तेव्हा तिच्याभोवतीचे दाबाचे झोत विस्कटतात आणि गोळी हेलकावते. डब्यावरचा जास्त वेगाचा आकडा पाहून भुलू नका.

मग नळी आणि काडतूस जमले आहेत की नाही हे कळायचं कसं? इथे सर्वांत जास्त फसगत होते. दुकानदार तीन गोळ्यांचा एक छानसा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, दाखवतो. तीन गोळ्या फार काही सांगत नाहीत. एकाच रायफलीचा तीन गोळ्यांचा ग्रुप तिच्या दहा गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरी ६३ टक्केच भरतो, हे निव्वळ संभाव्यतेचं गणित आहे. तीन गोळ्यांत २ सेंटीमीटर दाखवणारी रायफल दहा गोळ्यांत साधारण ३.२ सेंटीमीटर दाखवेल, आणि खरी तीच. म्हणून दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारा. काडतुसांचा नुसता ब्रँड पाहून भागत नाही, डब्यावरचा लॉट नंबर पाहा. एकाच कारखान्याच्या दोन लॉटमध्ये मोठा फरक पडू शकतो. पाच लॉट, प्रत्येकी ४० गोळ्या, एकूण २००. एवढा खर्च करून जो लॉट जमेल त्याचेच वर्षभराचे डबे घ्या. ब्रँड बदलताना पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या गोळीच्या मेणाचा थर असतो आणि तो बदलायला तेवढ्या गोळ्या जातात.

जुनी रायफल पाहत असाल तर नळीचं तोंड, म्हणजे क्राउन, नीट तपासा. गोळी नळीला शेवटची शिवते ती जागा हीच. एका बाजूला कणभर ओरखडा असला तरी त्या बाजूने वायू आधी सुटतो आणि गोळीला कलवतो. यासाठी यंत्र लागत नाही, आपल्या रानातला कापूस पुरतो. बोल्ट काढून टाका, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करा. काडीच्या टोकाला सैल कापूस गुंडाळून तो नळीच्या तोंडात बोटाच्या पेराएवढा घाला आणि आतून बाहेर सगळ्या कडांवरून हळू ओढत फिरवा. कडेला पांढरा तंतू अडकून राहिला तर तिथे खरबरीतपणा आहे. असं तोंड कारागिराकडून नव्याने कापून घेता येतं, पण तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोला.

नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. गोळी आत असताना नळी तारेसारखी थरथरते, आणि मधेच लाकडाचा स्पर्श झाला की थरथरीची लय बदलते. दहा रुपयांची नोट घडी न करता नळीखाली सरकवा. ती अॅक्शनपर्यंत (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागापर्यंत) अडखळत नाही तर ठीक. लाकडी दस्त्याबद्दल खानदेशात जास्त सावध राहावं लागतं. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आकसतं. आषाढात तेच फुगतं. उन्हाळ्यात नोट सहज गेली म्हणून पावसाळ्यात जाईलच असं नाही. अॅक्शनच्या बुडाशी इपॉक्सीचं बेडिंग (घट्ट बसवणारा थर) आणि स्क्रूभोवती अॅल्युमिनियमचे पिलर (नळकांडी) असतील तर हा त्रास बराच कमी होतो. अॅल्युमिनियमच्या चेसिसमध्ये, म्हणजे धातूच्या दस्त्यात, तो जवळपास उरत नाही, पण उन्हात ठेवलेली चेसिस गालाला चटका देते. सावली आणि कापडी आवरण हाताशी असलेलं बरं.

अंगाला बसणं हाही निवडीचाच भाग. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. साइट समोर यायला मान ताणावी लागली तर बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि गालपट्टी सरकवून पाहा, आणि त्या सरकतच नसतील तर दुसरी रायफल पाहा. आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मीटर रायफलीला ८ किलोची मर्यादा आहे. जड रायफल स्थिर राहते हे खरं, पण चाळिसाव्या गोळीला हात थरथरू लागला तर त्या वजनाचा उपयोग नाही.

साइटबाबत एकच लक्षात ठेवा: ५० आणि ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, डायऑप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची साइट, लागतो. ज्यांना इतर प्रकारांसाठी दुर्बीण घ्यायची आहे त्यांनी लक्ष्य किती पट मोठं दिसतं या आकड्यापेक्षा साइट सरकवणाऱ्या बटणाचे क्लिक तपासावेत. ०.१ मिलचे (मिल हे कोनाचं माप) २० क्लिक वर नेले की १०० मीटरवर ठसा बरोबर २० सेंटीमीटर सरकायला हवा, आणि २० क्लिक खाली आणले की मूळ जागी यायला हवा.

आता ऊन. काळ्या मातीवर दुपारची हवा जमिनीलगत पातळ होते, प्रकाश वाकतो आणि लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं डुलतं. मृगजळ एका बाजूला वाहत असेल तर हलका वारा त्या दिशेने आहे, आणि जागच्या जागी उकळत असेल तर वारा थांबलेला आहे किंवा समोरून-मागून आहे. २ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा ५० मीटरवर पॉइंट २२ ची गोळी सव्वा सेंटीमीटर ढकलतो, म्हणजे एका रिंगहून जास्त. अशा ठिकाणी जाड नळी घ्यावी. ती हळू तापते, आणि तिच्यावरून उठणारी वाफेसारखी झळ साइटसमोर उशिरा येते. नळीवर ताणून बांधलेली कापडी पट्टीही मदत करते.

मोठ्या काडतुसावर उन्हाचा परिणाम दुहेरी होतो. १० अंशांपेक्षा ४५ अंशांना हवा जवळपास ११ टक्के विरळ, त्यामुळे विरोध कमी. शिवाय काही बारुदी दर अंशाला वेग सेकंदाला अर्ध्या मीटरनेही वाढवतात. पॉइंट ३०८ साठी ३०० मीटरवर हे दोन्ही मिळून हिवाळ्यात जुळवलेला ठसा पाचेक सेंटीमीटर वर जातो, त्यातला मोठा वाटा हवेचा नसून बारुदीचा. म्हणजे १० च्या वर्तुळाच्या मधोमध पडणारी गोळी थेट त्याच्या काठावर येते. काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि तापलेल्या चेंबरमध्ये भरलेलं काडतूस मिनिटभर शिजत ठेवू नका. पॉइंट २२ च्या शिसाच्या गोळीवरचं मेण उन्हात मऊ होऊन धूळ धरतं, आणि ती धूळ थेट नळीत जाते.

कुठल्या काडतुसाची रायफल घ्यायची हे ठरवण्याआधी परवान्याचं पाहा. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवाना लागतो, आणि लष्करी मापाची काही काडतुसं प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) मोडतात. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करा. पॉइंट २२ ची छोटीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि केळीच्या बागेत तेवढ्या अंतरात कोण पाणी भरतंय हे दिसत नाही.

रायफल घरी आली की अॅक्शनचे स्क्रू टॉर्क पान्याने कसा: लाकडी दस्त्याला साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर, अॅल्युमिनियमला ७ च्या आसपास, किंवा कंपनीने दिलं असेल ते. आकडा वहीत तारखेसह लिहा. पहिला पावसाळा संपला की तोच पाना लावून पाहा, नोट पुन्हा सरकवून बघा, आणि मग दहा गोळ्या मारा.