गुडघ्याच्या संधिवातावरील मूळपेशी इंजेक्शन

गुडघ्याच्या झीजजन्य संधिवातात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) सांध्याच्या पोकळीत मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, टोचण्याचा उपचार. रुग्ण ज्याला ‘गादी झिजली’ म्हणतात ती गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने झीज आपोआप भरून येत नाही. नव्या पेशी ती भरून काढतील, अशी मूळ आशा होती. प्रत्यक्षात टोचलेल्या बहुतेक पेशी सांध्यात फार काळ टिकत नाहीत. त्यांच्यातून पाझरणारी द्रव्ये दाह शमवत असावीत, असे आता मानले जाते. जाहिराती मात्र अजून कूर्चा उगवण्याच्याच गोष्टी करतात.

सिरिंजमध्ये काय भरले आहे, हा खरा प्रश्न. सर्वांत सोप्या पद्धतीत कमरेच्या हाडातली अस्थिमज्जा काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून दाट करतात आणि त्याच बैठकीत गुडघ्यात टोचतात. अशा मज्जेत दहा हजार पेशींमागे जेमतेम एखादी मेसेन्कायमल मूळपेशी (हाड, कूर्चा, चरबी यांच्या पेशी बनवू शकणारी) असते, बऱ्याचदा तेवढीही नसते. पोटाच्या चरबीतून काढलेल्या किंवा नाळेपासून मिळवलेल्या पेशीही वापरतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा डोस मोजूनमापून देता येतो. रक्तातल्या प्लेटलेट दाट करून देतात ते पीआरपी हा वेगळाच उपचार आहे. दवाखान्याच्या पत्रकावर दोन्ही एकाच रांगेत असतात, म्हणून गोंधळ होतो.

भारतात बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या ‘स्टेम्प्युसेल’ या उत्पादनाला 2022 मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या अडीच कोटी पेशी आणि पाठोपाठ हायल्युरोनिक आम्ल (सांध्यातल्या वंगणाचा घटक), असा हा डोस आहे. 146 रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने वेदना आणि हालचाल या दोन्हींत तुलनागटापेक्षा अधिक सुधारणा दिसली.

तुलना कशाशी केली, यावर निकाल बराच फिरतो. गुडघ्यात नुसते सलाइन टोचले तरी अनेकांना बरे वाटते. अमेरिकेत सुमारे 475 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष 2023) अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ या तिन्ही स्रोतांच्या पेशींची गाठ थेट स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी घातली गेली. वर्षअखेरीस तिन्हींपैकी एकही त्याहून सरस ठरली नाही. स्टिरॉइड अतिशय स्वस्त आहे आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांपुरताच असतो, असे सर्वसाधारण मत आहे; त्यामुळे हा निकाल मूळपेशींच्या समर्थकांना अडचणीचा आहे.

टोचल्यावर काही दिवस सूज आणि ठणका राहू शकतो. जंतुसंसर्ग विरळा, पण घडलेला आहे: 2018 मध्ये अमेरिकेत नाळेतील रक्तापासून बनवलेल्या दूषित उत्पादनामुळे बारा रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते.

वजन कमी करणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हा पाया या इंजेक्शनांनी हललेला नाही. एक्स-रेवरून झिजेची श्रेणी ठरवतात, चौथी सर्वांत तीव्र; स्टेम्प्युसेलच्या चाचणीतले रुग्ण दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीचे होते. ‘वाटी बदलणे टाळा’ ही जाहिरात मात्र नेमकी चौथ्या श्रेणीच्या, हाडावर हाड घासत असलेल्या रुग्णाच्या नजरेस पडते.