व्हिडिओ कापायचा कुठे?

तीन तासांच्या एका व्याख्यानाचं रेकॉर्डिंग एका डीव्हीडीवर मावत नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदा त्याचे दोन तुकडे केले आणि दुसरा तुकडा लावला, तर पडदा राखाडी. त्या राखाडी रंगात वक्त्याचे ओठ तेवढे हलत होते, चेहऱ्याचा पत्ताच नव्हता. आवाज मात्र पहिल्या शब्दापासून स्वच्छ. दोनेक सेकंद गेले आणि चित्र एकदम लख्ख झालं. फाइल खराब नव्हती, मी कापलेली जागा चुकली होती.

व्हिडिओ म्हणजे एकापुढे एक ठेवलेले फोटो (फ्रेम), असं आपण धरून चालतो. पण डीव्हीडीच्या आकाराचं, म्हणजे 720 बाय 576 ठिपक्यांचं प्रत्येक चित्र जसंच्या तसं साठवलं आणि सेकंदाला अशी 25 चित्रं धरली, तर अख्ख्या डीव्हीडीवर जेमतेम पाच मिनिटं मावतील. म्हणून पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतात. त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. वक्ता स्थिर उभा असेल, तर मागची भिंत पुन्हा लिहायची गरज नाही, हललेल्या ओठांपुरतं लिहिलं की भागतं. काही फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांचा आधार घेतात. माझ्या दुसऱ्या तुकड्यात बदलांच्या नोंदी आल्या होत्या, पण ज्या चित्रात ते बदल करायचे, ते पहिल्या तुकड्यातच राहिलं होतं.

डीव्हीडीत साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक की-फ्रेम येते. आजच्या जास्त आवळलेल्या फाइलींमध्ये दोन की-फ्रेममधलं अंतर दहा सेकंदही असू शकतं. तुकडा नेहमी की-फ्रेमपासूनच सुरू व्हायला हवा. तसं केलं तर व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा, म्हणजे नव्याने आवळून लिहावा लागत नाही. मूळ माहिती नुसती कॉपी होते, काम लवकर उरकतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही.

आता तुकडे किती करायचे? साध्या डीव्हीडीवर 4.7 जीबी मावतात, पण बरेच संगणक तीच जागा 4.38 दाखवतात. यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, हे संगणक 1024 च्या. माझ्या रेकॉर्डिंगचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, सरासरी 50 लाख बिट होता. तीन तासांचे सेकंद 10,800, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे फाइल झाली 6.75 जीबीची. ती एकाच डिस्कवर बसवायची तर बिटरेट 35 लाखांच्याही खाली आणावा लागला असता. तेवढं चित्र पिळण्यापेक्षा दोन डिस्क कधीही बऱ्या, असं माझं ठाम मत आहे. डिस्क काठोकाठ भरू नये, हेही सांगायला हवं. लेखन आतून बाहेर होत जातं आणि बाहेरच्या कडेला चुका होण्याचा संभव जास्त असतो.

वेळ निम्मी केली की आकारही निम्मा होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. बिटरेट बदलता असेल, तर शांत बसलेल्या माणसाच्या एका मिनिटापेक्षा धावपळीच्या एका मिनिटाला कितीतरी जास्त जागा लागते. कापण्याआधी घड्याळ नव्हे, आकार बघावा.

दुसरा एक मार्ग म्हणजे आत काय आहे हे न बघता फाइल बाइट मोजून तोडायची. नुसती साठवण करायची असेल, तर हे उत्तम, कारण सगळे तुकडे जोडले की मूळ फाइल अगदी तशीच परत मिळते. पण सुटा तुकडा प्लेअरमध्ये चालेलच असं नाही. कोणती फ्रेम कुठे आहे हे सांगणारी फाइलची अनुक्रमणिका अनेकदा शेवटी असते, आणि ती गेलेली असते भलत्याच डिस्कवर.

मी मग कापायची जागा थोडी मागे नेली. तिथे कॅमेरा वक्त्यावरून श्रोत्यांकडे वळला होता. दृश्य पूर्ण बदललं की आधीच्या चित्राचा काहीच उपयोग उरत नाही, म्हणून एन्कोडर बहुतेक वेळा तिथेच नवी की-फ्रेम टाकतो. दुसरी डिस्क आता श्रोत्यांच्या चेहऱ्यांपासून सुरू होते आणि पहिल्याच क्षणी चित्र स्वच्छ दिसतं.