‘इम्प्रेशन, सनराइज’: ल हाव्र बंदरातली एक सकाळ

दृक्प्रत्ययवादाचा, म्हणजे इम्प्रेशनिझम या फ्रेंच चित्रचळवळीचा, विषय निघाला की चित्रकार क्लोद मोनेच्या या चित्राची एकच गोष्ट सांगितली जाते: एका टीकाकाराने टर उडवली आणि चळवळीला नाव मिळालं. गोष्ट खरी आहे. पण तिच्या नादात चित्रातलं बंदर मागे पडतं, आणि मला तर सगळा जीव त्या बंदरातच दिसतो.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं ल हाव्र हे मोनेचं गाव. जन्म १८४०चा, पॅरिसमधला. पण पाचेक वर्षांचा असताना घरचे इथे राहायला आले. शाळकरी वयात तो गावकऱ्यांची व्यंगचित्रं काढून विकायचा. चित्रकार यूजेन बूदँने त्याला उघड्यावर बसून रंगवायची गोडी लावली ती इथेच. १८७०मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा मोने लंडनला गेला. थेम्सवरचं धुकं, इंग्लिश चित्रकार टर्नरची चित्रं पाहून परतला तो हरलेल्या देशात.

१८७२ची तारीख घातलेलं हे चित्र त्याने धक्क्यावरच्या हॉटेलच्या खिडकीतून रंगवलं. आकार जेमतेम ४८ बाय ६३ सेंटिमीटर. पुढे होड्या, मागे धुक्यात विरलेल्या डोलकाठ्या, क्रेन आणि धुरांड्यांचा धूर. म्हणजे हे सहलीला जायचं रम्य ठिकाण नव्हे, कामाला लागलेली गोदी आहे. करडा-निळा रंग पातळ पसरलेला, आणि पाण्यातलं सूर्याचं प्रतिबिंब मात्र नारिंगी रंगाच्या जाड, आडव्या फटकाऱ्यांचं. या चित्राचा कृष्णधवल फोटो पाहावा: सूर्य जवळपास नाहीसा होतो! त्याची उजळता आकाशाइतकीच आहे. तो तळपतो तो निव्वळ रंगाच्या विरोधामुळे.

सलों या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या निवड समितीला कंटाळलेल्या चित्रकारांनी १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, स्वतःचं प्रदर्शन भरवलं. कॅटलॉगसाठी चित्राचं नाव विचारलं गेलं. याला ल हाव्रचं दृश्य म्हणणं मोनेला पटेना, म्हणून त्याने ‘इम्प्रेशन’, म्हणजे मनावर उमटलेला ठसा, असं लिहायला सांगितलं. दहा दिवसांनी ‘ल शारिवारी’ या विनोदी वृत्तपत्रात लुई लरुआने एका काल्पनिक चित्रकाराच्या तोंडून म्हणवलं, की भिंतीला लावायचा अर्धाकच्चा कागदही या समुद्रचित्रापेक्षा पूर्ण असतो. लेखाच्या मथळ्यात त्याने या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं, आणि तेच नाव त्यांनी पुढे आपलं मानलं.

चित्रसंग्राहक अर्नेस्ट ओशदे यांनी चित्र ८०० फ्रँकला घेतलं. ते कर्जात बुडाल्यावर १८७८च्या लिलावात चित्र २१० फ्रँकला गेलं. घेणारे होते डॉ. जॉर्ज द बेलिओ. त्यांच्या मुलीकडून ते पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयाकडे आलं. १९८५मध्ये तिथून बंदुकीच्या धाकावर चोरीला गेलं आणि १९९०मध्ये कोर्सिका बेटावर सापडलं.

मोनेने पाहिलेलं जुनं ल हाव्र मात्र सप्टेंबर १९४४च्या बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झालं.